प्रवास देयकावरील प्रतिस्वाक्षरी : अधिकार आणि दायित्व

(भिवंडी येथे कार्यालयप्रमुख तसेच आहरण व संवितरण अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शासकीय कार्यालयात दिवसभरात ज्या अनेक स्वाक्षऱ्या होतात, त्यांमध्ये प्रवास भत्ता देयकावरील प्रतिस्वाक्षरी बहुधा सर्वांत घाईने होत असावी. रक्कम लहान असते, मागणारा आपलाच सहकारी असतो, प्रवास होऊन गेलेला असतो आणि लेखा शाखेच्या लिपिकाने 'तपासले' असा शेरा मारून खाली आद्याक्षरी केलेली असते. इतके सारे झाल्यावर कार्यालयप्रमुखाने देयकाची पाने उलटून पाहण्याचे प्रयोजन काय, असा एक सर्वसाधारण समज आहे. नियमांना मात्र हा समज मान्य नाही. ज्याच्या प्रतिस्वाक्षरीनंतरच देयक पुढे जाते, त्या अधिकाऱ्याला नियमांनी 'नियंत्रक अधिकारी' असे नाव दिले आहे. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती नियंत्रणाची. केवळ साक्षीदाराची नव्हे.

महाराष्ट्रात १९८१ साली महाराष्ट्र नागरी सेवा नियमांचे निरनिराळे संच अमलात आले. प्रवास भत्त्यापुरत्या मात्र मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मधील तरतुदी पुढे चालू राहिल्या आणि दरांमध्ये शासन निर्णयांद्वारे वेळोवेळी बदल होत गेले. देयक कसे सादर करावे, हे महाराष्ट्र कोषागार नियम, १९६८ सांगतात. सार्वजनिक पैसा खर्च करताना कोणते पथ्य पाळावे, हे मुंबई वित्तीय नियम, १९५९ मध्ये आढळते. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी पूरक नियम आहेत. संहिता वेगवेगळ्या असल्या तरी नियंत्रक अधिकाऱ्याच्या कर्तव्याविषयी त्यांचा सूर एकच आहे. प्रवास आवश्यक होता काय, तो वारंवार करण्यास कारण होते काय, मुक्काम कामाच्या मानाने अधिक लांबला काय, दाखविलेले अंतर खरे आहे काय, आणि ज्या वर्गाचे भाडे मागितले त्याच वर्गाने प्रवास झाला काय, या गोष्टींची छाननी त्याने स्वतः करावयाची आहे. केंद्राच्या पूरक नियमांत तर स्पष्टच म्हटले आहे की, सक्षम प्राधिकाऱ्याने तशी परवानगी दिली नसेल तर प्रतिस्वाक्षरीचे काम हाताखालच्या व्यक्तीकडे सोपविता येणार नाही. लिपिकाची आद्याक्षरी ही मदत आहे. ती अधिकाऱ्याच्या विचाराची जागा घेऊ शकत नाही.

वित्तीय औचित्याच्या तत्त्वांपैकी दोन तत्त्वे येथे विशेष लागू पडतात. सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःचा पैसा खर्च करताना जितकी दक्षता घेतो, तितकी दक्षता शासकीय पैशाच्या बाबतीत घेतली पाहिजे, हे पहिले. भत्ता हा झालेला खर्च भरून काढण्यासाठी असतो, तो मिळविणाऱ्यास एकंदरीत नफ्याचे साधन होता कामा नये, हे दुसरे. प्रवास भत्त्यातील बहुतेक सर्व आक्षेप या दोहोंपैकी एकाच्या उल्लंघनातून उद्भवतात.

भिवंडीचे अंतर आणि भिवंडीचा मार्ग

दूरच्या प्रवासापेक्षा जवळच्या प्रवासात नियम अधिक चुकतात, आणि भिवंडीचे स्थान असे आहे की येथील बहुतेक शासकीय प्रवास जवळचाच असतो. जिल्ह्याचे ठिकाण ठाणे. तेथे जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद. दुसऱ्या बाजूस कल्याण. दोन्हीकडे जाण्यास रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटरांचा मामला. विभागीय आयुक्तांकडे जायचे तर बेलापूरचे कोकण भवन, आणि शासन स्तरावर काम असेल तर मंत्रालय. तालुक्यात पडघा, अनगाव, अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी अशी गावे पसरलेली आहेत, तर शहराला लागूनच राहनाळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी ही गोदामांची गावे आहेत.

दैनिक भत्ता मिळण्यासाठी मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या मर्यादेबाहेर जावे लागते, हा नियम सर्वांना पाठ असतो. परंतु भिवंडीसारख्या ठिकाणी तो लावणे वाटते तितके सोपे नाही. ठाणे रस्त्यावरील काही जागा या मर्यादेच्या आत पडतात, तर काही तिच्या काठावर. एकाच गोदामाच्या तपासणीला गेलेल्या दोन कार्यालयांच्या दोन निरीक्षकांनी दोन निरनिराळी अंतरे दाखविली, तर त्यांतील एक तरी चुकीचे असले पाहिजे. आणि दोन्ही देयकांवर प्रतिस्वाक्षऱ्या झाल्या असतील, तर एका अधिकाऱ्याने अंतर न पाहता सही केली हे उघड आहे. या अडचणीवर जुना व स्वस्त उपाय आहे. कार्यालयापासून नेहमीच्या गावांची अंतरे एकदा सार्वजनिक बांधकाम खात्याकडून खात्री करून घ्यावीत, त्यांचा तक्ता तयार करावा, त्यावर कार्यालयप्रमुखाने सही करावी आणि तो लेखा शाखेत लावून ठेवावा. अशा तक्त्याच्या अभावी दर महिन्याला तोच प्रश्न नव्याने आणि प्रत्येक वेळी निराळ्या रीतीने सुटत राहतो.

मार्गाचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. दोन ठिकाणांमधील प्रवास हा व्यवहार्य मार्गांपैकी सर्वांत जवळच्या मार्गाने झाला असे धरावयाचे, आणि अंतर सारखेच असेल तर स्वस्त मार्गाने, असा नियमांचा दंडक आहे. जवळचा मार्ग म्हणजे नेहमीच्या साधनांनी प्रवासी ज्या मार्गाने सर्वांत लवकर पोहोचेल तो. आता भिवंडी पाहावी. ठाण्याहून कल्याणला जाणारा मुख्य लोहमार्ग एकोणिसाव्या शतकातच भिवंडीला बाजूला ठेवून गेला. 'भिवंडी रोड' हे स्थानक आहे ते दिवा-वसई मार्गावर. तेथून ठाण्याला जाणाऱ्याने आधी दिव्याला उतरून गाडी बदलावी लागते. नकाशात लोहमार्ग दिसतो म्हणून भिवंडी-ठाणे प्रवासाचे रेल्वे भाडेच मान्य करणे हे नियमाच्या अक्षरांना चिकटून त्याचा अर्थ सोडण्यासारखे होईल. उलट वसईकडे जाणाऱ्यास हीच गाडी सोयीची, आणि त्याने ठाण्यावरून टॅक्सीचा वळसा दाखविला असेल तर त्याला कारण विचारलेच पाहिजे. नियंत्रक अधिकाऱ्याने आपल्या भागाचा भूगोल जाणला पाहिजे, असे जे म्हणतात ते याच अर्थाने. महालेखापालांच्या कार्यालयातील लेखापरीक्षकाला भिवंडीची वाहतूक ठाऊक असण्याचे कारण नाही. येथील अधिकाऱ्याला ती दररोज सोसावी लागते.

वाहतुकीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. मानकोली आणि रांजणोली नाक्यांवर अवजड वाहनांची जी कोंडी होते, तिच्यामुळे अर्ध्या दिवसाचे काम पूर्ण दिवसाचे होऊ शकते, हे खरे आहे. दैनिक भत्ता अनुपस्थितीच्या तासांवर ठरत असल्याने कोंडीतले तास देयकात येतात आणि ते येणे न्याय्यही आहे. मात्र प्रत्येक फेरीला नेमके मर्यादेपेक्षा थोडेच अधिक तास भरत असतील, तर तो वाहतुकीचा परिणाम नसून लेखणीचा आहे, हे ओळखण्यास फार मोठ्या अनुभवाची गरज लागत नाही. एक देयक पाहून हे कळत नाही. सहा महिन्यांची देयके एकत्र ठेवली म्हणजे कळते.

प्रवासापूर्वीचे कर्तव्य

मंजुरीचे खरे काम प्रवास होण्यापूर्वीचे असते. प्रवास झाल्यावर देयक नाकारणे म्हणजे बहुधा कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या खिशाला चाट लावणे होय. फिरतीचा कार्यक्रम हाती आल्यावर दोन-तीन साधे प्रश्न विचारले तरी पुरे असतात. हे काम पत्राने होण्यासारखे आहे काय? बैठक दूरदृश्य प्रणालीने होऊ शकेल काय? २०२० नंतर ही सोय तालुका पातळीपर्यंत रुळली आहे. तरीही केवळ टपाल पोहोचविण्यासाठी माणूस ठाण्याला धाडण्याची सवय सर्वत्र सुटली आहे, असे म्हणता येणार नाही. एकाच दिवशी एकाच कार्यालयाचे तीन कर्मचारी तीन सुनावण्यांसाठी बेलापूरला जाणार असतील, तर एका वाहनाने जातील काय? शासकीय वाहन उपलब्ध असताना भाड्याचे वाहन कशासाठी?

शासकीय वाहनाने प्रवास केल्यावर मैलभत्ता मिळत नाही. ही गोष्ट जितकी स्पष्ट, तितकीच तपासण्यास सोपी. कारण वाहनाची नोंदवही आणि प्रवास देयक ही दोन्ही एकाच कार्यालयात, अनेकदा एकाच कपाटात असतात. परंतु ती दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याचा प्रघात फार थोड्या ठिकाणी आढळतो. त्यातच नोंदवहीत प्रवासाचे प्रयोजन म्हणून 'शासकीय काम' एवढेच लिहिले असेल, तर ती नोंद कोणालाच उपयोगी पडत नाही: लेखापरीक्षकाला नाही, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यावर आळ आला तर त्यालाही नाही.

ग्राम महसूल अधिकारी म्हणजे पूर्वीचे तलाठी, आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक. अशा सतत फिरतीवरील कर्मचाऱ्यांना कायम प्रवास भत्ता असतो. तो दरमहा मिळत असल्यामुळे वेतनाचाच भाग समजला जातो. वस्तुतः तो कार्यक्षेत्रातील फिरतीच्या बदल्यात आहे. दैनंदिनी कोरी असताना त्याची मागणी प्रमाणित करणारा अधिकारी न घडलेल्या गोष्टीचा दाखला देत असतो.

दायित्व कोणाचे आणि किती

आता मुख्य विषयाकडे वळणे प्राप्त आहे. चुकीचा भत्ता दिला गेला तर तो घेणाऱ्याकडून परत घ्यावा, सही करणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे विचारले जाते. वित्तीय नियमांचे उत्तर निःसंदिग्ध आहे. स्वतःच्या लबाडीमुळे वा हयगयीमुळे शासनाचे नुकसान झाले तर अधिकारी व्यक्तिशः जबाबदार ठरतोच. शिवाय दुसऱ्याच्या लबाडीमुळे वा हयगयीमुळे झालेल्या नुकसानास त्याच्या कृतीने वा दुर्लक्षाने जितका हातभार लागला असेल, तितक्या प्रमाणातही तो जबाबदार ठरतो. या वाक्याचा उत्तरार्ध प्रतिस्वाक्षरी करणाऱ्या प्रत्येकाने नीट लक्षात घ्यावा. पैसा स्वतःच्या खिशात गेला नाही, हा बचाव येथे अपुरा आहे.

ही जबाबदारी केवळ कागदावरची नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ अन्वये हयगयीमुळे किंवा आदेशभंगामुळे शासनास झालेले आर्थिक नुकसान पूर्णतः वा अंशतः वेतनातून वसूल करणे ही एक शिक्षा आहे. सेवानिवृत्तीनेही प्रश्न मिटत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ खाली गंभीर गैरवर्तन वा गंभीर हयगय सिद्ध झाल्यास निवृत्तिवेतनातून वसुली होऊ शकते. मात्र निवृत्तीनंतर नव्याने कार्यवाही सुरू करावयाची तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी असता कामा नये. खोटे देयक जाणूनबुजून मान्य केले असेल, तर प्रकरण विभागीय चौकशीपुरते राहत नाही; ते फौजदारी कायद्याच्या कक्षेत जाते.

स्थानिक संस्थांच्या बाबतीत कायदा एक पाऊल पुढे आहे. मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम, १९३० अन्वये बेकायदेशीर प्रदान करणाऱ्या व्यक्तीवरच नव्हे, तर ते करण्यास प्राधिकृत करणाऱ्या व्यक्तीवरही अधिभार बसविता येतो. हयगयीमुळे आलेली तूटही संबंधितांवर आकारता येते. पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्याने मंजूर केलेले प्रवास देयक या कायद्याच्या नजरेखाली येते. जिल्हा परिषदांच्या लेख्यांची छाननी विधिमंडळाची पंचायत राज समिती करते, हेही विसरून चालणार नाही. भिवंडी-निजामपूर ही २००१ पर्यंत नगरपरिषद होती. महानगरपालिका झाल्यावर १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे तिला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक आला. तपासणारा बदलला, तपासण्याची गोष्ट बदलली नाही.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये असे ठरविले की, कर्मचाऱ्याची काही चूक नसताना मालकाच्या चुकीने जादा रक्कम दिली गेली असेल, तर तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, सेवानिवृत्त झालेले किंवा एका वर्षात निवृत्त होणारे कर्मचारी इत्यादींकडून ती वसूल करता येणार नाही. प्रकरण प्रवास भत्त्याचे नव्हते आणि खोटी मागणी करणाऱ्याला या निर्णयाचे संरक्षण नाही. परंतु कार्यालयाने स्वतःहून चुकीचा दर लावला आणि शिपायाला वर्षानुवर्षे जादा रक्कम दिली, तर ती त्याच्याकडून परत मागण्याचा मार्ग अरुंद झाला आहे. मग शासनाचे नुकसान कोणामुळे झाले, हा प्रश्न साहजिकच सही करणाऱ्याकडे वळतो. केंद्र शासनाने २०१४ मध्ये जादा प्रदानाबाबत काढलेल्या सूचनांमध्ये जबाबदार व्यक्ती निश्चित करण्यावर भर दिला आहे.

अन्य देशांतही हा विचार आहे. अमेरिकेत १९४१ च्या अखेरीस झालेल्या एका कायद्याने देयक प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातील तथ्ये खरी असण्याबद्दल आणि प्रदान कायदेशीर असण्याबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरले. चुकीची रक्कम त्याला स्वतःच्या पैशातून भरावी लागू शकते. मात्र त्याच कायद्याने त्याच्या हाती दोन गोष्टीही दिल्या. शंका असल्यास पैसे देण्यापूर्वीच तेथील सर्वोच्च लेखा अधिकाऱ्याचा निर्णय मागण्याचा हक्क त्याला आहे, आणि वाजवी चौकशी करूनही जी गोष्ट कळली नसती, तिच्याबद्दल त्याला सूट मिळू शकते. आपल्याकडे प्रदानापूर्वी मार्गदर्शन मागण्याची वाट मोकळी आहे. वरिष्ठ कार्यालय आहे, कोषागार आहे, वित्त विभाग आहे. तिचा उपयोग होतो तो मात्र आक्षेप आल्यानंतर, ही खेदाची गोष्ट आहे.

तोंडी आदेश आणि सांकेतिक शब्द

पुष्कळदा अधिकाऱ्याला शंका आलेली असते. परंतु 'वरून सांगितले आहे' या तीन शब्दांपुढे ती मावळते. वर्तणूक नियमांनी यावर तोड ठेवली आहे. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा. तोंडी देणे अपरिहार्य झालेच, तर त्याने तो लगेच लेखी कायम करावा. आणि कनिष्ठानेही तशी पुष्टी मागून घ्यावी. पुष्टी मागणे हा उद्धटपणा नव्हे. दोन ओळींची टिप्पणी लिहून फाईल वर पाठविली की दायित्व जेथे असावयास हवे तेथे जाते, आणि पुष्कळदा त्या दोन ओळी पाहूनच आग्रह सैल पडतो.

देयके आता संगणकीय प्रणालीतून जातात. त्यामुळे सहीचा प्रश्न संपला असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो अधिक बिकट झाला आहे. पूर्वी कोऱ्या देयकावर सही करून ठेवणे हा अपराध आहे, हे कोणालाही सांगावे लागत नसे. आज तोच अधिकारी आपला सांकेतिक शब्द लिपिकाला देऊन निर्धास्तपणे फिरतीवर जातो. कोऱ्या देयकावरील सही निदान एका देयकापुरती असे. सांकेतिक शब्दाने वर्षभराची देयके पुढे जाऊ शकतात, आणि नोंद प्रत्येक वेळी अधिकाऱ्याच्याच नावाची होते.

संकटाच्या वेळी आणि नंतर

नियमांचा बाऊ करून काम अडविणे हाही मंजुरीच्या अधिकाराचा दुरुपयोगच होय. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि ढिगाऱ्याखाली अनेक कुटुंबे गाडली गेली. अशा पहाटे मिळेल ते वाहन घेऊन धावावयाचे असते. पूर्वमंजुरीचा नमुना शोधीत बसावयाचे नसते. कार्योत्तर मंजुरीची सोय याच प्रसंगांसाठी आहे. तीत पाहावयाचे ते एवढेच, की गेलेल्या वाहनाचा क्रमांक, वेळ, कोणाला कोठे नेले आणि नेहमीचे साधन का वापरता आले नाही, याची नोंद चार दिवसांच्या आत झाली काय. सहा महिन्यांनी स्मरणाने लिहिलेली नोंद खरी असली तरी ती खरी आहे, हे सिद्ध करता येत नाही. आणि कार्योत्तर मंजुरी जर दरमहा लागत असेल, तर त्या कार्यालयातील संकट निराळ्याच प्रकारचे आहे.

अखेरीस, रोखून धरलेल्या देयकांविषयी. लेखा आक्षेपाच्या धास्तीने काही अधिकारी सही करण्याचेच टाळतात. पडघ्याला किंवा वज्रेश्वरीला पदरमोड करून जाऊन आलेल्या शिपायाचे काही शे रुपयांचे देयक महिनोन्महिने टेबलावर पडून राहते. आज एक त्रुटी काढून परत, पुढच्या महिन्यात दुसरी काढून परत. अशा अडवणुकीचा आक्षेप कोणत्याही लेखापरीक्षा अहवालात येत नाही, म्हणून तिचे दायित्वही कोणावर पडत नाही. मुदत उलटली तर मात्र कर्मचाऱ्याचा हक्कच जातो. केंद्र शासनाने तर २०१८ मध्ये ही मुदत एका वर्षावरून साठ दिवसांवर आणली. छाननी करावयाची ती एकदाच आणि पूर्ण करावी. ज्या त्रुटी असतील त्या सर्व एकाच शेऱ्यात लिहाव्यात, शेऱ्याखाली दिनांक घालावा, अग्राह्य रक्कम कोणती व कोणत्या नियमाने ते नोंदवावे, आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी मान्य करून देयक कोषागाराकडे धाडावे. देयकातील एक फेरी शंकास्पद वाटली म्हणून त्यातील बाकीच्या अकरा फेऱ्यांचे पैसे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही नियमाने नियंत्रक अधिकाऱ्याला दिलेला नाही.